गेलेला हात परत येतो काय?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांविषयी बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती साहजिकच होती. गेली तीस वर्षे आम्ही तेच करीत आलो आहोत. परंतु आम्ही विषय बदलून मागितला आणि चालकांना थोडा अचंबा वाटला. कामगार संघटनेच्या माणसाने अर्धांगवायू, कंबरदुखी आणि आखडलेले खांदे यांवर बोलावयाचे म्हणजे तांडेलाने भातशेतीवर बोलण्यासारखेच झाले. तेव्हा याचा खुलासा प्रथम करतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि गावच्या वाचनालयात झाले. आज जे सांगणार आहोत ते काही वाचलेले आहे, काही तज्ज्ञांना विचारून घेतलेले आहे, आणि काही आमच्या चुकीतून शिकलेले आहे. त्यातली चूक आधी सांगतो.

आमचा एक जुना सोबती रापणीवर होता. रापणीचे जाळे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर दोन रांगांतली माणसे ओढीत आणतात, हे मालवणात कोणाला सांगावयास नको. टाच वाळूत रोवून, पाठ मागे टाकून दोर ओढणारा हा गडी एका पहाटे घराच्या दारातच कोसळला. डावे अंग गेले. त्याला इस्पितळात नेले, प्राण वाचले, आणि काही दिवसांनी तो घरी आला. निघताना मंडळींना सांगण्यात आले की, औषधे चालू ठेवा आणि विश्रांती द्या. आम्ही वर्गणी काढली, औषधांची सोय केली, घरी तांदूळ पोचवले. आपण कर्तव्य केले अशी आमची समजूत झाली.

विश्रांती मात्र त्याला भरपूर मिळाली. तो तीन महिने खाटेवर उताणा पडून होता. अंघोळीला उचलताना घरचे लोक त्याला त्याच लुळ्या हाताला धरून ओढीत. कोणी तेल चोळले, कोणी कबुतराच्या रक्ताचा लेप सुचवला, कोणी देवाला गाऱ्हाणे घातले. चौथ्या महिन्यात एक तरुण भौतिकोपचारतज्ज्ञ मुलगी आमच्या विनंतीवरून त्याला पाहावयास आली. तेव्हा त्याचा डावा खांदा खोबणीतून खाली उतरला होता, कोपर वाकून बसले होते, मूठ आवळली होती, पाऊल खाली लोंबून घोटा ताठ झाला होता, आणि टाचेला जखम होती. तो आमच्याकडे पाहून म्हणाला, "हात गेलो तो गेलोच, आता फिरान येवचो नाय." त्या मुलीने त्याला अर्धा तास तपासले आणि अंगणात येऊन आम्हांला हलक्या आवाजात सांगितले, "काका, आजाराने जेवढं नेलं त्याहून जास्त खाटेने नेलं."

ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. म्हणून हा विषय.

भौतिकोपचार म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याला मराठीत भौतिकोपचार हा शब्द आहे. हालचाल, व्यायाम, हातांनी केलेली हाताळणी, शेक, थंडावा, विजेचा सौम्य प्रवाह अशा भौतिक साधनांनी शरीराची गेलेली किंवा कमी झालेली शक्ती परत मिळवणे हे या शास्त्राचे काम. पुष्कळांची समजूत अशी की, हा मालिशचाच एक सुधारलेला प्रकार आहे. मालिश हा त्यातला एक लहानसा भाग झाला. खरा भर असतो तो रोग्याने स्वतः करावयाच्या हालचालींवर. डॉक्टर औषध देतो तेव्हा रोगी ते गिळतो आणि औषध आपले काम करते. येथे रोग्यालाच काम करावे लागते. तज्ज्ञ त्याला कोणते काम, किती, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत करावे हे शिकवतो.

हे शास्त्र अगदी नवे नाही. १८१३ साली स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची संस्था काढली, आणि शिस्तबद्ध व्यायामाने रोग बरे करण्याची पद्धत तेथून युरोपभर गेली. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी या व्यवसायाची संघटना स्थापन केली. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला याचे विशेष वाटते, कारण त्यांचा पहिला हेतू आपल्या धंद्याची अब्रू राखणे हा होता. पुढे दोन महायुद्धांतील जखमी सैनिकांमुळे आणि पोलिओच्या साथींमुळे या शास्त्राला मोठा वेग आला.

आपल्याकडचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. स्वातंत्र्यचळवळीत काम केलेल्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी वणवण करताना त्यांच्या ध्यानात आले की, अशी हजारो मुले आहेत आणि त्यांना उपचार देणारी जागा नाही. त्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्याच कार्यातून उभे राहिले. १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. १९५५ साली मुंबईतच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. परळ म्हणजे गिरणगाव, आणि गिरणगाव म्हणजे अर्धे कोकण. आमचे वडीलही लालबागला राहून गिरणीत साचे चालवीत आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतले. आमच्याच माणसांच्या दारात ही विद्या प्रथम शिकवली गेली, आणि आमच्या गावापर्यंत यावयास तिला इतका काळ लागला, हा योगायोग आम्हांला थोडा बोचतो.

ज्या पोलिओने या विद्येला येथे जन्म दिला तो आता देशातून गेला. भारतातील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु या विद्येची गरज कमी झालेली नाही. माणसे अधिक वर्षे जगतात, मधुमेह आणि रक्तदाब घरोघर आहेत, रस्त्यांवर अपघात आहेत. पोलिओने मुलांचे पाय नेले. आता आमच्या वयाच्या माणसांचे हातपाय जात आहेत.

सांधे आणि पाठ

सांध्यांची गोष्ट आमच्या स्वतःच्या खांद्यापासून सांगतो. काही वर्षांपूर्वी घोषणा देताना वर जाणारा आमचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदऱ्याची बाही चढवताना डोळ्यांत पाणी येई. सभेत डावा हात वर करू लागलो तेव्हा मित्रांनी थट्टा केली की, मंडळी आता पक्की डावी झाली. हा आजार चाळीस ते साठ या वयात बराच आढळतो आणि मधुमेह असणाऱ्यांत अधिक आढळतो. आम्हांला मधुमेह आहे हे खांद्याच्या निमित्तानेच कळले.

खांदा हा उखळीचा सांधा आहे. उखळ उथळ आहे म्हणून हात चोहोबाजूंनी फिरतो. या सांध्याभोवती एक सैल पिशवी असते. या आजारात ती पिशवी सुजते, मग जाड होऊन आक्रसते. प्रथम दुखणे वाढते, नंतर दुखणे उतरते पण हात आखडतो, आणि शेवटी हळूहळू मोकळा होतो. हा सारा फेरा एक ते तीन वर्षे चालू शकतो. दुखते म्हणून हात पोटाशी धरून ठेवला की आखडणे वाढते. आणि कोणा हाडवैद्याने जोराने हिसका दिला तर इजा होते. मधला मार्ग म्हणजे सोसेल इतकी हालचाल, पण रोज. वाकून हात लंबकासारखा हलवावयाचा, दारावर टांगलेल्या कप्पीच्या दोरीने चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर ओढावयाचे, आणि भिंतीवर बोटे चालवीत वर न्यावयाची. आम्ही युनियनच्या कचेरीतील भिंतीवर दर शनिवारी पेन्सिलीने खूण करीत असू. काही आठवडे खूण तसूभरही सरकली नाही. चौदा महिन्यांनी ती खिडकीच्या वर गेली. त्या खुणा आम्ही अजून पुसू दिलेल्या नाहीत.

पाठीचे दुखणे याहून सार्वत्रिक आहे. रापणीचा दोर ओढणारा, चिरेखाणीत चिरे उचलणारा, बाजारात पोती वाहणारा हमाल, घाटरस्त्यांवर हादरे खात एस. टी. चालवणारा ड्रायव्हर, काजूच्या कारखान्यात दिवसभर एका जागी बसून हाताने आणि पायाने यंत्र चालवीत बी फोडणारी बाई, या सर्वांची कंबर केव्हातरी धरतेच. कमरेत पाच मोठे मणके एकावर एक असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. वाकून आणि त्याच वेळी वळून ओझे उचलले की या गादीवर आणि आजूबाजूच्या स्नायूंवर फार ताण पडतो. गादी बाहेर सरकून नसेला टेकली तर कळ कमरेतून पायात उतरते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, साधी कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून बरी होते. दुसरी ही की, फार काळ अंथरुणावर पडून राहणे अपायकारक आहे. पूर्वी डॉक्टरही आठवडेच्या आठवडे फळीवर निजावयास सांगत. आज शास्त्र सांगते की, एकदोन दिवसांच्या पलीकडे पडून राहू नये; थोडे चालावे, जमेल ती कामे करावीत, आणि तज्ज्ञाकडून पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. मात्र लघवी किंवा शौच यांवरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, ताप किंवा वजन घटणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

गुडघ्यांविषयी थोडक्यात. आपल्या बायका पाटावर बसून आडाळीवर नारळ खवतात, मासळी कापतात, उकिडव्या बसून भांडी घासतात. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा झिजली म्हणजे या बैठकी जड जातात. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मांडीचे पुढचे स्नायू बळकट केले आणि वजन थोडे उतरवले तर दुखणे खूप कमी होते. खुर्चीवर बसून पाय सरळ करून थोडा वेळ तसाच धरावा, मग खाली आणावा. याला पैसे पडत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. लोकांना यंत्र हवे असते. शेकाच्या आणि विजेच्या यंत्रांनी दुखणे काही वेळ हलके होते आणि व्यायाम करणे सोपे जाते. पण यंत्रावर निजून यावयाचे आणि घरी काहीच करावयाचे नाही, हे वर्गणी भरून सभेला न येणाऱ्या सभासदासारखे आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू

आता अधिक कठीण भागाकडे वळू. हात चालतो तो केवळ हाताच्या बळावर नव्हे. मेंदूतून हुकूम निघतो, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधून खाली येतो, नसांतून स्नायूंपर्यंत पोचतो. या साखळीत कोठेही खंड पडला तर धडधाकट स्नायूसुद्धा निकामी होतो. मेंदूचा उजवा भाग डावे अंग चालवतो आणि डावा भाग उजवे. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली की तेथील पेशी मरू लागतात आणि विरुद्ध बाजूचे अंग जाते. हाच अर्धांगवायू.

येथे पहिली लढाई घड्याळाशी असते. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात वर राहत नाही, बोलणे अडखळते, असे दिसताच क्षणाचाही वेळ दवडू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचा फोटो काढून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. आपल्या जिल्ह्यातून अवघड रोगी गोव्यात बांबोळीस नेण्याची जुनी वहिवाट आहे. अलीकडे सिंधुदुर्गनगरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. कोठे न्यावयाचे हे घरच्यांनी आधीच विचारून ठेवावे. अंगात वारे शिरले म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली तर ती वेळ परत मिळत नाही.

दुसरी लढाई प्राण वाचल्यावर सुरू होते, आणि आम्ही हरलो ती हीच. मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. मग सुधारणा होते कशी? करूळचा घाट बंद पडला की कोल्हापूरची गाडी भुईबावड्याने किंवा फोंड्याने वळते. वेळ लागतो, वळणे जास्त, पण गाडी पोचते. मेंदूचेही असेच आहे. मेलेल्या भागाचे काम शेजारचे आणि दुसरे भाग हळूहळू शिकतात, नव्या वाटा पडतात. परंतु वापर नसलेल्या वाटेवर आमच्या कोकणात एका पावसाळ्यात रान माजते. मेंदूतील नवी वाट एकच हालचाल शेकडो वेळा, हजारो वेळा केल्यानेच मळते. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो. पुढेही सुधारणा होते, पण गती मंदावते. आमच्या सोबत्याचे पहिले तीन महिने खाटेने खाल्ले.

त्या दिवसांत काय करावयास हवे होते, ते आता सांगतो. प्रकृती स्थिर झाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की, बहुधा पहिल्या दिवसानंतर, रोग्याला थोडे थोडे उठवून बसवावे. अगदी पहिल्या चोवीस तासांत घाईने जोराचा व्यायाम देऊ नये. दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे जखमा होत नाहीत. लुळ्या हाताखाली उशी द्यावी; त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नये, कारण खांदा धरून ठेवणारे स्नायूच सैल झालेले असतात. सारे सांधे दिवसातून अनेकदा हळुवार हलवावेत, म्हणजे ते आखडत नाहीत. पाऊल लोंबू देऊ नये. गिळता येते की नाही हे पाहिल्यावाचून तोंडात पाणी घालू नये. मग बसण्याचा तोल, उभे राहणे, पाऊल टाकणे, आणि त्याबरोबर खरीखुरी कामे: वाटी उचलणे, केस विंचरणे, सदऱ्याचे बटण लावणे. मेंदूला निरर्थक कवायतीपेक्षा कामाची हालचाल लवकर कळते.

काही युक्त्या तर विलक्षण आहेत. ज्याच्या दुबळ्या हातात थोडी हालचाल परत आली आहे त्याचा चांगला हात रोज काही तास बांधून ठेवतात, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावेच लागते. ही पद्धत अमेरिकेतील एडवर्ड टाउब यांच्या संशोधनातून आली. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात साध्या आरशाचा उपयोग दाखवला. अवयव कापलेल्या माणसाला नसलेल्या हाताच्या वेदना होतात. आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहून तो हात हलतो आहे असे मेंदूला भासते आणि काहींच्या वेदना उतरतात. तीच युक्ती पुढे अर्धांगवायूच्या रोग्यांसाठीही वापरली जाऊ लागली. कंपवाताच्या रोग्याचे पाऊल दारात अडकते तेव्हा जमिनीवर आखलेल्या आडव्या रेषा ओलांडत किंवा ठेक्यावर मोजत चालावयास सांगितले की ते सुटते. मोर्चात दमलेली माणसे घोषणेच्या ठेक्यावर कशी चालतात हे आम्ही पाहिलेले आहे, म्हणून आम्हांला याचे नवल वाटले नाही.

मज्जारज्जूच्या इजेचा आपल्या किनाऱ्याशी जवळचा संबंध आहे. माडावर, सुपारीवर, आंब्यावर चढणारी माणसे पडतात. पडलेल्या माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलू नये. मणका मोडला असेल आणि मज्जारज्जू अजून शाबूत असेल, तर तो या उचलण्याने कापला जातो. मान आणि पाठ सरळ ठेवून त्याला फळीवर किंवा दारावर सरकवावे. एवढे जरी आज येथून कोणी घरी नेले तरी आमचे येणे सार्थकी लागले.

आणि कमरेखालचे अंग गेले म्हणजे आयुष्य संपले काय? सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहावयास लावले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले; त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांचे पाय परत आले नाहीत. राहिले होते त्याचे काय करता येते ते उपचाराने दाखवले. प्रत्येकजण पेटकर होणार नाही. पण खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून अंगणात आणि अंगणातून एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यापर्यंतचा प्रवास कितीतरी जणांना शक्य असतो.

आपण काय करावयाचे?

१९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची शक्ती शेकडा ३० गेली, एका हाताची चारही बोटे गेल्यास शेकडा ५०, असे कोष्टक होते. आमच्या पिढीने ते कोष्टक पाठ केले आणि त्यावर दावे लढवले. त्याचा आम्हांला पश्चात्ताप नाही. गरिबाच्या घरी त्या पैशानेच चूल पेटली. पण दावा जिंकल्यावर आम्ही फाईल बांधून ठेवीत होतो. उरलेल्या बोटांनी तो माणूस काय करू शकेल, त्याला कोणी शिकवते आहे काय, हे विचारण्याची आम्हांला सवय नव्हती. रकमेसाठी आम्ही तीन तीन वर्षे तारखा केल्या. व्यायामासाठी तीन महिने कोणाच्या मागे लागलो नाही.

कायद्यानेही पुढचे पाऊल टाकले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. कंपवात त्यात आहे. सरकारी आस्थापनेतील नोकर नोकरीत असताना दिव्यांग झाला तर त्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पायरी उतरवता येत नाही, त्याला झेपेल असे काम द्यावे लागते, हेही त्यात आहे. २०२१ साली भौतिकोपचारासह आरोग्यसेवेतील अनेक व्यवसायांसाठी देशपातळीवर कायदा झाला. तेव्हा उपचार घेण्यापूर्वी समोरचा माणूस रीतसर शिकलेला आणि नोंदलेला आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा.

परंतु कायदा खाटेपर्यंत चालत जात नाही. देवबागच्या टोकाला किंवा मसुऱ्याच्या एखाद्या वाडीत पडलेल्या रोग्याला आठवड्यातून तीन वेळा रिक्षा करून शहरात आणणे कोणाला परवडेल? म्हणून आमचे म्हणणे असे की, तज्ज्ञाने महिन्यातून एकदोनदा वाडीवर जावे, रोग्याला तपासावे आणि घरच्या माणसाला शिकवून यावे. मधल्या दिवसांत आशा सेविकेने किंवा शेजाऱ्याने पाहणी करावी. शौचकुपात धरावयास एक दांडी, उंबऱ्यापाशी एक उतार, हातात चार पायांची काठी, एवढी साधने गावचा सुतार आणि लोहार करून देऊ शकतो. कारखान्यांच्या मालकांना आम्ही सांगत आहोत की, बसण्याची चौकट अर्धा फूट उंच केली आणि दर दोन तासांनी पाच मिनिटे उठू दिले तर काम कमी होणार नाही. पुण्याच्या हमालांनी बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली पोत्याचे वजन कमी करण्याची मागणी केली ती पाठीच्या कण्याचीच मागणी होती. रोग झाल्यावर उपचार मागावेत हे खरे, पण ओझे आधी मागावे.

राहता राहिला रोज व्यायाम करण्याचा कंटाळा. तो आम्ही अनुभवला आहे. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून माणूस सोडून देतो. आम्ही सभासदांना सांगत आलो की, एक मोर्चा काढून कोणतीही मागणी मान्य होत नाही. शरीराशी वाटाघाटीही तशाच चालतात.

आमच्या सोबत्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. ती मुलगी चौथ्या महिन्यापासून येऊ लागली. आठव्या महिन्यात तो काठी घेऊन उभा राहिला आणि वर्षाच्या आत वेळेवर जाऊन रापण पाहू लागला. डावा हात मात्र पोटाशीच राहिला. भाषणाच्या मथळ्यातील प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आम्हांला हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. कोणाचा पुष्कळ येतो, कोणाचा थोडा, कोणाचा येत नाही. पण ज्याचा येऊ शकला असता त्याचा आमच्या अज्ञानामुळे राहिला, असे पुन्हा होऊ नये. मागच्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला: कोणा सभासदाला असा आजार झाला तर वर्गणीचे पहिले पैसे तज्ज्ञाला घरी आणण्यासाठी खर्च करावेत, तांदळाचे मागाहून पाहावे. ठराव मांडताना आमच्या शेजारी तो सोबती बसला होता. अनुमोदन त्यानेच दिले, उजवा हात वर करून.